पिल्लाचं वय आधी विचारा

आमच्या प्रयोगशाळेत कुणी नवीन आलं की पहिल्या दिवशी मी त्याला सूक्ष्मदर्शकाजवळ फिरकू देत नाही. पक्ष्यांच्या खोलीत स्टूल टाकून बसवते. समोर पिंजरा, पिंजऱ्यात झेब्रा फिंच या छोट्या पक्ष्यांचं एक जोडपं आणि त्यांची चार पिल्लं. काम एकच. तासाभराने बाहेर येऊन सांगायचं, कोणतं पिल्लू साधारण किती दिवसांचं. बहुतेक जण गोंधळतात. कुणी विचारतं, "ताई, मेंदूचं काम कधी सुरू होणार?" ते सुरू झालेलंच असतं. गाणं शिकणाऱ्या मेंदूचा अभ्यास करायचा तर त्याचं वय दिवसांत माहीत असावं लागतं, 'दीडेक महिन्याचं असेल' म्हणून भागत नाही. मला हे पहिल्या दिवशी कुणी सांगितलं नव्हतं. त्यापायी माझं जवळजवळ अर्धं वर्ष गेलं, ते पुढे सांगतेच.

मी बार्शीची. घरी भुसार मालाचं दुकान. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र, पुण्यात एम.एस्सी., आणि मग पुण्यातच एका संशोधन संस्थेत पीएच.डी. मेंदूशी ओळख म्हणजे भिंतीवरच्या तक्त्यातला बेडकाचा मेंदू आणि परीक्षेत दर वर्षी काढलेली चेतापेशीची आकृती. झेब्रा फिंच हा पक्षी मी पाहिला होता, पण नाव ठाऊक नव्हतं. पाळीव पक्ष्यांच्या दुकानात एकाच पिंजऱ्यात वीस-पंचवीस कोंबलेले असतात ना, लालसर चोचीचे, नराच्या गालावर तांबूस ठिपका, आवाज खेळण्यातल्या पिपाणीसारखा, तेच ते. मूळचे ऑस्ट्रेलियाचे, वजन जेमतेम १२ ते १५ ग्रॅम, आणि कुळ आपल्या मुनियांचं. आपल्या मुनिया पकडणं आणि विकणं कायद्याने बंद आहे, तरी त्यांना रंग फासून विकणारे आहेत. त्यांच्याकडून काही घेऊ नका. पहिल्या आठवड्यात मी खाद्याचं पोतं उघडलं आणि हसायलाच लागले. सगळे ज्याला 'फॉक्सटेल मिलेट' म्हणत होते ते राळे होते. दुकानात मी शाळेपासून ते मापून दिलेत. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की इथे आपलंही काही चालेल.

हाच पक्षी का, हे मुलाखतीत हमखास विचारतात, म्हणून नीट समजून घ्या. आवाज काढणं वेगळं आणि आवाज शिकणं वेगळं. कोंबड्याला आरवायला कुणी शिकवत नाही. ऐकून आवाज शिकणारे प्राणी मोजकेच. माणूस, देवमासे आणि डॉल्फिन, काही वटवाघळं, हत्ती. पक्ष्यांत गाणारे पक्षी, पोपट आणि हमिंगबर्ड. झेब्रा फिंचमध्ये फक्त नर गातो. एकच गाणं, एका सेकंदाच्या आसपासचं, तो बापाकडून किंवा जवळच्या दुसऱ्या नराकडून शिकतो आणि जन्मभर तेच म्हणतो. आणि हे सगळं अंड्यातून बाहेर आल्यापासून साधारण ९० दिवसांत आटपतं. माणसाचं मूल बोलायला शिकेपर्यंत तुमची फेलोशिप संपेल. इथे एका पीएच.डी.त कितीतरी पिल्लांचं अख्खं शिक्षण पाहून होतं.

या ९० दिवसांची मांडणी डोक्यात पक्की बसली की अर्धं शास्त्र आलं. पहिले तीन आठवडे पिल्लू घरट्यात आणि घरट्याच्या आसपास, खाणं मागण्यात दंग. साधारण २५व्या दिवसापासून ६५व्या दिवसापर्यंत ते ऐकून साठवतं. बापाचं गाणं याच काळात स्मरणात जातं. ३५व्या दिवसाच्या सुमाराला स्वतः तोंड उघडतं. आपल्याकडे कोकिळेला कंठ फुटला म्हणतात, तसा इथे कंठ फुटतो, पण निघतं ते गाणं नसतं. पुटपुट असते. बाळ 'बबब' करतं तशी, ना लय, ना ठरलेला स्वर. मग हळूहळू स्वर ओळखू येतात, त्यांचा क्रम मात्र रोज बदलतो. ९०व्या दिवसाच्या आसपास गाणं गोठतं. खरंच गोठतं, आज ऐका नाहीतर पुढच्या दिवाळीत ऐका, तेच.

ऐकून साठवणं आणि स्वतःचं ऐकून सुधारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मासाकाझू कोनिशी यांनी १९६५ साली दाखवलं. त्यांनी पांढऱ्या मुकुटाच्या चिमण्यांवर काम केलं होतं. ज्या पिल्लांनी गाणं ऐकलेलं होतं, पण स्वतः गाऊ लागण्याआधी ज्यांची श्रवणशक्ती काढून टाकली, ती विचित्रच गायली. बापाचं गाणं आठवणीत असून उपयोग नव्हता, स्वतःचा आवाज त्याच्याशी ताडून पाहता आला पाहिजे. मी हा शोधनिबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा 'जुना आहे' म्हणून भरभर उलटला होता. तुम्ही तसं करू नका. १९७६ साली फर्नांडो नॉटेबोम आणि सहकाऱ्यांनी कॅनरी पक्ष्याच्या मेंदूत गाण्याची केंद्रं शोधून त्यांच्या पेशींचे संदेश नेणारे धागे कुठून कुठे जातात ते मांडलं, त्याच्या आधीचं हे काम आहे. मेंदूत डोकावण्याची सोय नव्हती म्हणून कोनिशींनी प्रश्नच इतका नेमका विचारला.

आता मेंदूतल्या जोडण्यांकडे येऊ. नावांनी घाबरू नका, ती खरोखरच ओबडधोबड आहेत. 'एचव्हीसी' हे एक केंद्र. ही आद्याक्षरं मुळात एका चुकीच्या शारीरिक नावाची, मग कुणी त्यांना दुसरा अर्थ जोडला, आणि पक्ष्यांच्या मेंदूतली नावं सुधारली तेव्हा ठरलं की हे नुसतं नावच आहे, लांब रूप काही नाही. मुलाखतीत 'एचव्हीसी म्हणजे काय' असं विचारलं तर गोंधळू नका, हेच सांगा. एचव्हीसी गाण्याचा क्रम आणि वेळ सांभाळतं. त्याचा हुकूम 'आरए' या केंद्राकडे जातो आणि तिथून कंठाच्या स्नायूंकडे. हा झाला थेट रस्ता. दुसरा वळणाचा रस्ता एचव्हीसीपासून 'एरिया एक्स'कडे, तिथून थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या भागामार्गे 'एलमॅन' या केंद्राकडे, आणि एलमॅनपासून पुन्हा त्याच आरएकडे. म्हणजे आरएला दोन वरिष्ठ. सरकारी कचेरीत कामाला असलेल्या कुणालाही ही अडचण समजावून सांगावी लागत नाही.

हे दोन वरिष्ठ एकाच दिवशी रुजू होत नाहीत, आणि सगळी मजा त्यात आहे. एलमॅनचे धागे पिल्लू घरट्यात असतानाच आरएमध्ये पोचलेले असतात. एचव्हीसीचे धागे आरएच्या उंबऱ्यापर्यंत येऊन थांबतात. बाहेर गर्दी करतात, आत जात नाहीत. नर पिल्लात ते आत शिरतात ते महिनाभराने, म्हणजे तोंड उघडायच्या सुमाराला. मादीत ते तसे शिरतच नाहीत. कोनिशी आणि अकुतागावा यांनी १९८५ साली हे दाखवलं. मी पहिल्यांदा हे चित्र पाहिलं तेव्हा शाळेच्या फाटकाबाहेर घंटेची वाट पाहणारी मुलं आठवली.

मग पहिली पुटपुट कोण चालवतं? वर्षानुवर्षं सगळे धरून चालले होते की एचव्हीसीच चालवत असणार, फक्त कच्चं असल्यामुळे नीट जमत नसणार. २००८ साली डिमिट्री अरोनोव्ह, आरोन अँडलमन आणि मायकल फी यांनी अमेरिकेतल्या एमआयटीत उलट दाखवलं. एचव्हीसी काढून टाकलं तरी पिल्लू पुटपुटतं. एलमॅन बंद केलं की पुटपुट थांबते. एवढंच नाही, पक्कं गाणं म्हणणाऱ्या प्रौढ नराचं एचव्हीसी काढलं तर तो पुन्हा पिल्लासारखा पुटपुटायला लागतो. म्हणजे बोबडे बोल हे प्रौढ बोलण्याचं बिघडलेलं रूप नव्हे. त्यांची यंत्रणाच निराळी आणि ती आधी तयार होते. नंतर दुसरी यंत्रणा येऊन तिच्या हातातून काम काढून घेते, पहिलीला मात्र घरी पाठवत नाही.

माझ्या मते नव्याने येणाऱ्याने हे एक नीट रिचवलं तर पुढचं वाचन सोपं जातं. आपण शाळेत शिकतो की मेंदू वाढतो म्हणजे जोडण्या वाढतात, मजबूत होतात. होतात, खोटं नाही. पण पिल्लाच्या मेंदूत जे परिपक्व होणं आपण पाहतो ते बरंचसं कामाची सूत्रं दुसऱ्याच्या हाती जाणं आहे आणि दारं लावून घेणं आहे. सारा बॉटजर आणि सहकाऱ्यांनी १९८४ सालीच याची खूण दाखवली होती. पिल्लाचं एलमॅन निकामी केलं तर गाणं बिघडतं, शिकणं तिथेच खुंटतं. प्रौढाचं केलं तर ऐकणाऱ्याला फरक कळत नाही. तेच केंद्र, तीच इजा, फरक फक्त वयाचा. २००५ साली बेन्स ओलवेत्स्की, अँडलमन आणि फी यांनी शिकत्या पिल्लाचं एलमॅन औषधाने तात्पुरतं बंद केलं, तर डळमळणारं गाणं तिथल्या तिथे एकसुरी, ठाशीव झालं. चुका करवणारं केंद्रच बंद झालं होतं. चुका नकोत म्हणून ते कायमचं बंद केलं तर शिकणंही थांबतं. म्हणून तर सगळं वयावर येऊन ठेपतं.

दारं लावायचं काम दुसरीकडेही चालतं. एचव्हीसीतल्या दाबणाऱ्या पेशी, म्हणजे शेजारच्या पेशींना गप्प करणाऱ्या, बापाच्या गाण्याचा जो तुकडा पिल्लाला येऊ लागलाय नेमक्या त्या तुकड्यावर आपली पकड घट्ट करत जातात. न्यूयॉर्कमधल्या मायकल लाँग यांच्या गटाने हे २०१६ साली दाखवलं. जे आलं त्याला कुलूप, जे यायचंय ते अजून उघडं. यांपैकी बऱ्याच पेशींभोवती वय वाढेल तसं एक जाळं विणलं जातं, शर्करायुक्त प्रथिनांचं. गाणं जितकं पक्कं, तितकी जाळ्यात अडकलेल्या पेशींची संख्या जास्त. माझं स्वतःचं काम या जाळ्यावर आहे. जपानी विस्टेरिया नावाच्या वेलीच्या बियांतून काढलेलं एक प्रथिन त्या जाळ्याला चिकटतं. त्याला चमकता रंग जोडायचा, मेंदूच्या कापावर टाकायचा आणि अंधाऱ्या खोलीत बसून जाळी मोजायची. दिवसाला किती जाळी मोजून होतात ते विचारू नका, चष्म्याचा नंबर मात्र दोनदा वाढला.

दार कायमचं बंद होतं असं मात्र म्हणू नका. माझ्या पहिल्या सेमिनारमध्ये मी तसं म्हणाले आणि मागच्या रांगेतून तीन हात वर आले. उंदीर-मांजरांच्या दृष्टीवर काम करणाऱ्यांनी या समजाची चांगली खोड मोडली आहे. ह्यूबेल आणि वीजल यांनी १९६०च्या दशकात मांजरीच्या पिल्लाचा एक डोळा शिवून दाखवलं की ठरावीक वयात तो डोळा वापरला नाही तर मेंदूतली त्याची जागा दुसरा डोळा बळकावतो. १९८१ साली त्यांना नोबेल मिळालं. पण २००२ साली इटलीतल्या गटाने प्रौढ उंदरात पेशींभोवतीचं ते जाळं एका विकराने विरघळवलं आणि बंद झालेली लवचीकता परत आली. भारतातलं उदाहरणही आहे. पवन सिन्हा यांच्या 'प्रकल्प प्रकाश'मध्ये जन्मापासून मोतीबिंदू असलेल्या मुलांवर बऱ्याच उशिरा शस्त्रक्रिया झाल्या, आणि सगळी नाही तरी बरीच उपयोगाची दृष्टी त्यांना आली. फिंचमध्येही गाणं ऐकायलाच न मिळालेल्या पिल्लाची शिकण्याची मुदत लांबते. मुदत नुसत्या कॅलेंडरवर संपत नाही, काही अंशी शिकून संपते. मागच्या रांगेला मला हे तेव्हा सांगता आलं नाही, म्हणून आता सांगून घेते.

आता माझ्या अर्ध्या वर्षाची गोष्ट. दुसऱ्या वर्षी मी आठ पिल्लं आवाजबंद पेट्यांत ठेवली होती, ३५व्या दिवसापासून ९०व्या दिवसापर्यंत रोजचं गाणं ध्वनिमुद्रित करायचं म्हणून. आवाज झाला की मुद्रण आपोआप सुरू होण्याची सोय असते. तिच्यात हळू पुटपुट निसटते असं वाटल्याने मी ती बंद केली आणि दिवे असतील तो सगळा वेळ मुद्रण चालू ठेवलं. शहाणपण केलं होतं, पण हिशेब केला नव्हता. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी दोन बाइट, दिवसाला १४ तास म्हणजे एका पेटीचे साडेचार जीबीच्या आसपास. आठ पेट्यांचे पस्तीस. एक टीबीची डिस्क चार आठवड्यांत भरते. ती भरली तेव्हा मी दिवाळीला बार्शीत करंज्या तळत होते. परत आले तर संगणकावर एक छोटीशी सूचना आणि नऊ दिवसांची शांतता. पिल्लांचा ६३वा ते ७१वा दिवस गेला होता. इतर विषयांत प्रयोग फसला तर उद्या परत करता येतो. इथे ती पिल्लं आता ७२ दिवसांची होती आणि गाणं बरंचसं बसलं होतं. नवी जोडी लावा, अंडी येऊ द्या, बारा-चौदा दिवस उबवण, मग पुढचे तीन महिने. दोन घरट्यांत अंडी वांझ निघाली. असं करत करत पुन्हा त्याच जागी यायला सहा महिने लागले.

त्या गोंधळात आणखी एक दुखणं निघालं. मी वही चाळत होते तर एका घरट्यातल्या चारही पिल्लांची जन्मतारीख एकच, सोमवार. चार पिल्लं एका दिवशी निघत नाहीत. फिंचची अंडी एकेक दिवसाच्या अंतराने फुटतात. मी शनिवार-रविवार डोकावलेच नव्हते आणि सोमवारी जेवढी दिसली तेवढी सोमवारची म्हणून लिहिली होती. म्हणजे माझ्या '४०व्या दिवसाच्या' पिल्लांत कुणी ४२चं होतं. प्रौढ पक्ष्यात दोन दिवसांनी काय होतं? काही नाही. ४०व्या दिवसाला दोन दिवसांत नवा स्वर उगवतो. तेव्हापासून मी रोज सकाळी घरटी पाहते, रविवारीही, आणि निघाल्याबरोबर पिल्लाच्या पाठीवरचा पिसांचा झुबका ठरावीक जागी कापून खूण करते. पायात कडी नंतर, आठ-दहा दिवसांनी. आधी घातली तर गळून पडते. तुम्ही जिथे जाल तिथे ही पद्धत वेगळी असेल. काही असो, लेखी असू द्या आणि ती वही घरी नेऊ नका.

गाण्याचं मुद्रणही रोज एकाच वेळी का, तर त्यालाही कारण आहे. २००५ साली न्यूयॉर्कच्या ओफर चेर्निकॉव्स्की यांच्या गटाने पिल्लांचं वाढत्या वयातलं गाणं दिवसरात्र तपासलं. त्यांना दिसलं की रात्री झोपून उठलेलं पिल्लू सकाळी काल संध्याकाळपेक्षा वाईट गातं. विस्कटलेलं. मग दोन-तीन तास गात राहून पुन्हा जागेवर येतं. आणि ज्या पिल्लांचं गाणं सकाळी जास्त विस्कटतं, तीच शेवटी बापाची जास्त चांगली नक्कल करतात. मला हा निष्कर्ष फार आवडतो, आणि अभ्यासाच्या बाबतीत आईला ऐकवून मी त्याचा गैरवापरही केला आहे. पण तुमच्यासाठी व्यवहाराचा मुद्दा असा की एका पिल्लाचं मुद्रण सकाळी केलं आणि दुसऱ्याचं दुपारी, तर तुम्ही वयाचा नाही, वेळेचा फरक मोजलात.

संख्याशास्त्राचं एवढंच सांगते, कारण प्रबंध इथे अडतात. एका पिल्लाने दिवसात हजारो स्वर काढले, तुम्ही चार हजार मोजले. तुमचा नमुना चार हजारांचा झाला नाही, एकाचाच राहिला. त्यात एकाच घरट्यातले तीन भाऊ एकाच बापाकडून शिकलेले, म्हणजे तेही तीन धरताना विचार करा. माझ्या सुरुवातीच्या आलेखांत फरक इतके ठळक दिसायचे की मला वाटायचं आपण लवकरच प्रसिद्ध होणार. पक्ष्यागणिक एक ठिपका काढला आणि आलेख केविलवाणा झाला. बरं झालं ते घरातच झालं. जाळी मोजतानाही काप कोणत्या वयाचा हे मोजणाऱ्याला माहीत नसावं. आमच्याकडे शेजारच्या बाकावरची मुलगी माझ्या काचपट्ट्यांवरची नावं झाकून नंबर घालते, मी तिच्या. प्रोग्रॅमिंग लागतंच, पायथन किंवा मॅटलॅब, जे प्रयोगशाळेत चालतं ते. मला काही येत नव्हतं. सहा महिन्यांत कामापुरतं येतं. ते येत नाही म्हणून अर्जच न करणं वेडेपणा आहे.

एक गोष्ट आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही. जाळी पाहायची तर मेंदू हातात यावा लागतो, आणि त्याआधी पक्षी मारावा लागतो. पूर्ण भूल देऊन, पण मारावाच लागतो. प्रत्येक प्रयोगाला संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी लागते. किती पक्षी, का इतकेच, कमी का नाहीत, वेदना कशी टाळणार, सगळं लिहून द्यावं लागतं. तो अर्ज कागदी सोपस्कार समजू नका. माझा पहिला अर्ज परत आला होता, कारण संख्येचं कारण मी धड लिहिलं नव्हतं, आणि त्यामुळे खरंच चार पिल्लं वाचली. पहिल्यांदा मी स्वतः केलं त्या दिवशी दुपारी जेवले नाही. आईने फोनवर विचारलं, "आणि मग शेवटी त्या पाखरांचं काय करता गं?" मी खरं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "बरं. नीट कर मग. वाया घालवू नकोस." ज्यांना हे जमणार नाही त्यांनी ओशाळायचं कारण नाही. नुसत्या आवाजावर, वागणुकीवर, गणिती प्रतिमानांवर या विषयात भरपूर काम होतं. माझ्या बरोबरीचा एक जण पहिल्या वर्षीच तिकडे वळला आणि माझ्या आधी प्रबंध देऊन मोकळा झाला.

पैशाचं थोडक्यात. नेट ही परीक्षा उत्तीर्ण होऊन जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप, मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ फेलोशिप, ४२,००० आणि वर घरभाडं. कागदावर ठीक आहे. प्रत्यक्षात पैसे कधीकधी दोन-तीन महिने उशिरा येतात, म्हणून खोलीभाड्याइतकी गंगाजळी आधी साठवा आणि घरी सांगून ठेवा. अर्ज कुठे करायचा, तर पुण्याच्या आयसर या संस्थेत झेब्रा फिंचच्या गाण्यावर काम होतं. मेंदूच्या इतर बाजूंसाठी बंगळुरूची एनसीबीएस आणि आयआयएससी, मुंबईची टीआयएफआर, हरियाणात मानेसरची एनबीआरसी, या संशोधन संस्था आहेत. काही ठिकाणी नेट, काही ठिकाणी गेट, काही ठिकाणी टीआयएफआरची जीवशास्त्राची सामायिक परीक्षा चालते. बी.एस्सी., एम.एस्सी.च्या मुलांसाठी देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप असते. दोन महिने राहून पाहता येतं, आणि दोन महिन्यांत एक पिल्लू पुटपुटीपासून जवळजवळ गाण्यापर्यंत जाताना दिसतं. माझ्या मते मार्कांपेक्षा त्या दोन महिन्यांचा जास्त उपयोग होतो.

प्राध्यापकांना ई-मेल लिहाल तेव्हा 'मला लहानपणापासून मेंदूचं कुतूहल आहे' हे वाक्य काढून टाका, ते सगळेच लिहितात. त्यांचा एक शोधनिबंध वाचा आणि त्यातली एक आकृती तुम्हाला का पटली नाही किंवा का कळली नाही ते चार ओळींत लिहा. मी लिहिलं होतं, 'तुमच्या तिसऱ्या आकृतीत ५०व्या दिवसाचे ठिपके इतके पसरलेले का आहेत?' उत्तर दोन ओळींचं आलं. 'आम्हालाही तेच कळायचंय. सोमवारी या.'

आणि आलात तर खाण्याचे डबे घासणं, राळे पाखडणं, पिल्लं असलेल्या पिंजऱ्यात उकडलेलं अंडं कुस्करून ठेवणं, समुद्रफेणाचा तुकडा तारेला बांधणं, ही कामं पहिले दोन महिने तुमचीच. आमच्या खोलीतले दिवे सातला लागतात. पावणेसातला या, आणि अंधारात स्टूलला पाय अडखळू देऊ नका, पिल्लं दचकतात.